गाडीचं मागचं दार

कारेगाव
१७ सप्टेंबर २०००

मागचा डावा दिवा उतरवला, त्याखालचा रंग खरवडायला घेतला, आणि पांढऱ्याच्या आत हिरवा, हिरव्याच्या आत पुन्हा पांढरा, आणि त्याच्या आत लाल लागला. दिव्यासाठी बोटभर जागा पुरली असती. मी वीतभर खरवडलं. लाल संपेना. मग हात थांबवला, पाणी प्यालो, आणि हे लिहायला बसलो.

मामा, मी नवनाथ. पार्वतीचा. चोवीस वर्षांनी पत्र येतं आहे म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे जिवंत आहेत. तुमचा दौंडचा पत्ता कासुर्डीच्या शाळेतून मिळवला. तारीख उजव्या कोपऱ्यात घातली आहे, ती तुमचीच शिकवण.

मी इथल्या एमआयडीसीत वायरमन आहे, काँट्रॅक्टवर. सात महिने झाले की ब्रेक देतात. सध्या ब्रेक आहे. आबांचे गुडघे गेले आहेत. शिरूरच्या डॉक्टरांनी चालायला मनाई केली आहे, घाट तर नाहीच. दिवाळी झाली की मेंढरं कोकणाकडे न्यायची असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चालता येत नसेल तर मेंढरं विकून टाकू, असं आबा स्वतःच म्हणाले, आणि नंतर दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणून मी लिलावातली एक जुनी सरकारी गाडी घेतली. बासष्टचं मॉडेल, लांब, पत्र्याची, आत माणूस उभा राहतो. सरकारकडून सुटल्यावर मधे कुणी तरी तिच्यातून बिस्किटं वाहिली. मी इंजिन करून घेतलं. आत दोन फळ्या टाकल्या, एक आईला, एक आबांना. स्टोव्हला कोपरा केला. कोकरांसाठी खाली जाळीचा खण केला. आबांनी डावीकडची फळी पसंत केली आणि तिच्यावर आपलं घोंगडं टाकून ठेवलं. रोज संध्याकाळी येऊन ते जागेवर आहे का बघून जातात.

आता फक्त बाहेरचे दिवे राहिले आहेत. जुन्या वायरींवर सुताचं वेष्टण आहे, हात लावला की भुगा होतो. सगळ्या बदलतो आहे. मागे टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर. दोन्ही अंगांना पिवळे छोटे दिवे, कारण पहाटे गाडीबरोबर मेंढरं रस्त्याने चालणार आणि ट्रकवाल्याला ती दिसली पाहिजेत. सोळा ऑक्टोबरला पासिंगची तारीख आहे. गाडीत दिव्याला एकच वायर जाते. परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातून जातो. त्यासाठी दिवा जिथे बसतो तिथला रंग काढून पत्रा उघडा करावा लागतो. तेच करत होतो.

तुम्ही मास्तर होतात तेव्हा अशा गाड्या गावोगाव यायच्या. आत लाल रंग असलेली गाडी कोणत्या खात्याची असते ते तुम्हाला आठवत असेल. एवढंच विचारायचं होतं.

आपला
नवनाथ


२४ सप्टेंबर २०००

मामा, उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागत असेल.

मी विचारायला नको होतं, कारण मी त्याच दिवशी सगळं खरवडून काढलं होतं. लाल त्रिकोण आहे, टोक खाली. मागच्या दाराच्या डाव्या अंगाला, छातीएवढ्या उंचीवर. त्याच्याखाली एक ओळ होती. तिच्यातला एकच शब्द शाबूत निघाला. ‘पुरे.’

हे टाळता आलं असतं. कंपनीत मी परतीचीही वायर ओढतो, पत्र्यावर भरवसा ठेवत नाही. इथेही दुसरी वायर ओढली असती तर रंगाला हात लावायची वेळ आली नसती. पण जुन्या कारागिरासारखं करायचं मनात आलं. प्रायमरचा डबा शिरूरहून आणेपर्यंत ते तसंच उघडं राहिलं.

आबा नेहमीसारखे संध्याकाळी आले. मी खाली गाडीच्या पोटात होतो, मला फक्त त्यांचे पाय आणि काठी दिसत होती. पाय बराच वेळ हलले नाहीत. मग काठी वर गेली. पत्र्यावर एकदाच टक् असा आवाज झाला. मी बाहेर आलो तेव्हा काठीचं टोक त्रिकोणावर टेकवून ते उभे होते, विहिरीचं पाणी किती आहे ते बघावं तसे.

सुरेखाला म्हणाले, “पोरी, माजं घोंगडं आतनं काढून दे.”

सुरेखा माझी बायको. तिला काहीच ठाऊक नाही. तिने विचारलं, धुवायला टाकू का. आबा म्हणाले, दे नुसतं. तिने आत जाऊन आणून दिलं. स्वतः त्यांनी पायरीवरही पाय ठेवला नाही. तेव्हापासून ते मेंढरांच्या वाघरात, जाळीच्या कुंपणात, झोपतात. थंडी अजून नाही, पण दव पडतं. मी दुसऱ्या दिवशी सगळा मागचा भाग रंगवला, दोन हात दिले. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. म्हातारीला घेऊन जा म्हणाले, मी चालत येईन.

आई म्हणते, जन्माचा हट्टी माणूस आहे, सोड.

तशीच एक गाडी कासुर्डीला शाळेच्या पटांगणात उभी असायची. मी आठ वर्षांचा होतो, तुमच्याकडे शिकायला राहिलो होतो. मला फारसं आठवत नाही. अशा गाड्या पुष्कळ असतील. तुम्ही एक कार्ड टाका की ती गाडी वेगळी होती, रंग वेगळा होता, काहीही. मी ते आबांना वाचून दाखवीन. तुमचं अक्षर ते ओळखतात, वाचता येत नसलं तरी.

नवनाथ


२ ऑक्टोबर २०००

मामा, कार्ड आलं नाही.

वायरिंगचं काम मी चालू ठेवलं आहे, कारण दुसरं काय करावं ते कळत नाही. ह्या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेलं आहे. आता सगळ्या गाड्यांत मायनस असतं. नवे फ्लॅशर उलट्या जोडणीवर चालत नाहीत. म्हणजे बॅटरी फिरवायची, डायनामोला नव्या दिशेची सवय लावायची, अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या. चार दिवस गेले. ह्यात मला येतं ते सगळं आहे. गाडी माझं ऐकते.

आई काय समजते ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितो. तिची समजूत अशी आहे की आबा आपल्या पायांनी त्या गाडीकडे गेले आणि नसबंदीचं ऑपरेशन करून आले. तेव्हा तुपाचा डबा मिळायचा. डबा घरी आला होता, हे खरं. आबांनी तो उघडला नाही, कुत्र्यांपुढे ओतला, पण गावात गोष्ट डब्याचीच झाली. हरिबा तुपाला विकला गेला म्हणायचे. पुढच्या पावसाळ्यात माझी बहीण तापाने गेली, तुम्हाला कळलं असेल. त्यानंतर आईला बायका विचारायच्या, दुसरं का नाही. ती काय सांगणार.

आणि ऑपरेशन झालं त्याच वर्षी आबांनी तुमचा उंबरा सोडला. मला शाळेतून काढून वाड्यावर, मेंढरांच्या तळावर नेलं. आईला माहेरी जाऊ दिलं नाही. कारण सांगितलं नाही. आई अजून म्हणते, “सोता जाऊन कापून आला, आन् माजं माह्यार तोडलं. ह्यात माज्या दादाचा काय गुन्हा व्हता?” आबा ऐकतात आणि काठीने जमिनीवर रेघा ओढतात. मी चोवीस वर्षं हेच पाहत आलो आहे.

तुमचा पगार तेव्हा तीन महिने अडवला होता, हे मला माहीत आहे. ऑपरेशनला पाच माणसं आणायची होती, चार झाली होती. मामींनी गळ्यातलं मोडलं होतं. मी तुमच्या घरात जेवत होतो, माझ्या लक्षात होतं. भाकरी चुरून सगळ्यांच्या ताटात सारखी पडायची, माझ्या ताटात थोडी जास्त.

हे मी कुणाला बोललेलो नाही.

नवनाथ


११ ऑक्टोबर २०००

मामा, कार्ड मिळालं. ‘चि. नवनाथ, गाडी वेगळी असेल. जुन्या गोष्टी उकरू नयेत. वडिलांची प्रकृती सांभाळ. आशीर्वाद.’ अक्षर थोडं कापतं आहे, पण वेलांट्या तशाच आहेत.

मी आबांना वाचून दाखवलं. कार्ड त्यांनी हातात घेतलं, उलटं करून पत्त्याची बाजू पाहिली, आणि परत दिलं. म्हणाले, “ती असंल न्हाईतर दुसरी असंल. मला काय करायचं?”

मामा, मला फारसं आठवत नाही असं लिहिलं होतं. मला सगळं आठवतं.

सोमवार होता. गाडीवरच्या कर्ण्यावर सिनेमाची गाणी चालली होती. तुम्ही मला वर्गातून बाहेर बोलावलं. आबा तेव्हा कालव्याच्या अलीकडे मोकळ्या रानात मेंढरं बसवायचे. तुम्ही म्हणालात, पळत जा, आबांना सांग, सरकारी गाडी आली आहे, मेंढरांना इंजेक्शन देतात, आजच आहे. मी म्हणालो, गुरुजी, ही तर मेंढरांची गाडी नाही. शाळेत तुम्हाला मामा म्हणायचं नसायचं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून पेन काढलं, माझ्या खिशाला लावलं आणि म्हणालात, हे तुला.

मी गेलो. मी पळत गेलो.

आबांची एक मेंढी आठ दिवस आजारी होती. त्यांनी ती खांद्यावर घेतली. चारी पाय छातीशी धरून ते पुढे चालले होते आणि मी मागे. वाटेत ते खुशीत होते. म्हणाले, तुज्या मामाची वळख म्हनून आपल्याला निरोप, न्हाईतर कोन इचारतंय. गाडीपाशी दोघांनी त्यांना मेंढी खाली ठेवायला सांगितली. त्यांनी ती मागच्या पायरीच्या कडीला बांधली. मग त्यांना आत घेतलं. मागच्या दाराने. दार लावताना त्यांनी मान वळवून मला पाहिलं. घाबरून नाही. मेंढीकडे लक्ष ठेव, असं डोळ्यांनी सांगितलं.

तुम्ही पटांगणात नव्हता. तुम्ही वर्गात पाढे घेत होता. मला ऐकू येत होतं. एकोणीसचा पाढा होता.

मेंढी आबा बाहेर यायच्या आधी मेली. ते धोतर धरून पायरी उतरले, तिच्याकडे पाहिलं, कडीची गाठ सोडली. उचलता आली नाही.

ते पेन मी वापरलं. दोन वर्षं वापरलं.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. मला एकच मागायचं आहे. एकोणतीस तारखेला भाऊबीज आहे. आम्ही तीस तारखेला निघणार. तुम्ही दौंडहून सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारी शिरूरला पोचाल, मी स्टँडवर येतो. आईला खरं सांगू नका, वाटलं तर. फक्त आबांच्या आधी त्या मागच्या दारातून आत जा आणि फळीवर बसा. माझी खात्री आहे, तुम्ही आत बसलेले दिसलात तर आबाही येतील. का ते मला सांगता येणार नाही.

नवनाथ


२० ऑक्टोबर २०००

पासिंग झालं. साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक दाबायला लावला, डावा दाखव, उजवा दाखव, नंबरप्लेटवरचा दिवा दाखव. सगळे लागले. बासष्टच्या गाडीला असं वायरिंग पाहिलं नाही म्हणाले. एकेका जॉइंटला मी सोल्डर केलं होतं, वर स्लीव्ह चढवली होती. मला आनंद व्हायला हवा होता.

घरी आलो तेव्हा आबा एका कोकराचा खूर साफ करत होते. मी शेजारी बसलो. आई पाण्याला गेली होती. मी म्हणालो, आबा, कासुर्डीला तुम्हाला बोलवायला मी आलो होतो. मेंढरांची गाडी नव्हती, हे मला कळलं होतं.

आबांनी खूर सोडला नाही. चाकूने घाण काढत राहिले.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून.

“तवापास्नं. येताना तू एकदा बी मेंढीकडं बघितलं न्हाईस. रोज तिला हात लावायचास.”

मग म्हणाले, “आठ वर्साचं पोर. तुला काय बोलायचं? आन् मास्तरचं नाव घेतलं आस्तं तर तुज्या आईनं इचारलं आस्तं, निरोप कुनी आनला.”

मामा, म्हणजे आईपुढे चोवीस वर्षं ते तुपाला विकलेला माणूस होऊन बसले, ते माझ्यासाठी. मी म्हणालो, मी आत्ताच आईला सांगतो. ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

“सांगू नगंस. तिला एकच भाऊ हाय आन् एकच ल्योक हाय. मी काय, मी हायेच.”

मी म्हणालो, मग गाडीत चला. मागचं दार बुजवून टाकतो. बाजूला नवं पाडतो. दोन दिवसांचं काम आहे, दिवे पुन्हा लावीन.

“कशाला चांगला पत्रा कापतुस? कुटनं बी गेलं तरी आतच जायाचं. गाडीवर माजा राग न्हाई, नवनाथ. पाय उचलत न्हाई. मी दोनदा बघितलं, तुमी सगळी झोपल्यावर. पायरीपतुर जातुय.”

त्यांनी कोकरू सोडलं. ते लंगडत कळपात गेलं. आई घागर घेऊन येताना दिसली तेव्हा आबा मोठ्याने म्हणाले, माझे गुडघे बरे आहेत, डॉक्टराला काय कळतंय. आई म्हणाली, “व्हय, तुमास्नीच सगळं कळतंय.”

मामा, तुम्ही या. भाऊबीजेला मी स्टँडवर दोन वाजल्यापासून असेन.

नवनाथ


२९ ऑक्टोबर २०००
संध्याकाळ

दौंडची शेवटची एस.टी. सव्वासहाला आली. मी तोपर्यंत होतो. तुमच्या उंचीचे दोघे उतरले. एकाच्या हातात मिठाईचा पुडा होता, मी त्याच्या जवळ गेलो. ते कुरकुंभच्या कंपनीतले कुणी होते, बहिणीकडे चालले होते.

घरी आलो तर आई तबक घेऊन वाड्याच्या पुढे उभी होती. तुम्ही येणार हे मी तिला सांगितलं नव्हतं, ते बरं झालं. दरवर्षी ती चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. बिजेची कोर असते, थोडा वेळच दिसते. माळावर वारा होता. निरांजन दोनदा विझलं.

आबा उठले. काठी टाकून दिली. घोंगडं दोन्ही हातांनी पसरून ते वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून उभे राहिले. हे ते दरवर्षी करतात. मी लहानपणापासून पाहतो, पण आज पाहिलं. त्यांचे गुडघे थरथरत होते. आईने ओवाळलं. तीन वेळा. मग ती म्हणाली, चंद्राकडे बघत, कुणाला म्हणून नाही, “ह्या मानसानं माजा भाऊ तोडला.”

आबांनी घोंगडं खाली घेतलं नाही. ज्योत स्थिर होती.

मला बोलायची मनाई आहे, आणि तुम्हाला नाही. एवढाच आपल्या दोघांत फरक आहे.

उद्या पहाटे निघतो. बाजूचे दिवे लावून पाहिले, सगळे लागतात. आई पुढे माझ्याशेजारी बसेल. आबांची फळी रिकामी आहे. तिच्यावर मी काही ठेवलेलं नाही.


३० ऑक्टोबर

हे पत्र काल टाकायचं राहिलं.

पहाटे मेंढरं उठवली. एक मेंढी रात्रीपासून उठत नव्हती. आबांनी तिला खांद्यावर घेतलं, गाडीच्या मागे आले, दार उघडलं, आणि पायरीवर पाय न ठेवता, हात लांब करून तिला आपल्या फळीवर ठेवलं. घोंगडं तिच्यावर टाकलं. दार लावलं. कडी लागली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मी इंजिन चालू केलं, दिवे लावले. शिरूरच्या फाट्यापर्यंत मला आरशात ते दिसत होते. मागच्या दिव्यांच्या लाल उजेडात ते कळपाच्या पुढे चालत होते, एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून. मी पहिल्या गिअरच्या वर गेलो नाही.

मेंढी जिवंत आहे.

नवनाथ